रुमालाखालचा हात

जळगावच्या कॉलेजात मी एकतीस वर्षं गणित शिकवलं. एवढ्या काळात माझं खरं नाव पगारपत्रकावर आणि घरच्या पाटीवर तेवढं शिल्लक राहिलं. बाकी सगळ्यांसाठी मी 'लंबगोल सर'. याचं कारण माझ्या खिशातली सुतळी. दोन खिळे ठोकायचे, त्यांना सुतळीचा सैल फास अडकवायचा, खडूने तो ताणत फिरवायचा, की फळ्यावर देखणं लंबवर्तुळ उमटतं. आमचा फळा लाकडी होता आणि त्याला माझ्या खिळ्यांची इतकी भोकं पडली होती की शिपाई त्याला चाळणी म्हणायचा. पण माझं लंबवर्तुळ बघायला शेजारच्या वर्गातली पोरं दारात उभी राहत, हे मी आजही अभिमानाने सांगतो.

या सुतळीनेच मला एकदा पुरतं तोंडावर पाडलं, आणि त्यातूनच माझ्या नोकरीतलं सगळ्यात चांगलं काम उभं राहिलं. नेमणूक, बढती, निवृत्ती यांत कुणाला रस नसतो, म्हणून तेवढीच एक हकिगत सांगतो. तिच्यात माझी एक चूक आहे. ती शेवटी येईल.

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. प्राध्यापकांनी मधूनमधून पुन्हा विद्यार्थी व्हावं म्हणून सुट्टीत तीन-तीन आठवड्यांचे वर्ग भरत. एक दिवस प्राचार्यांनी बोलावलं. हातात पुण्याहून आलेलं पत्र.

"सर, 'एलिप्टिक कर्व्ह आणि गुप्तलेखन' असा विषय आहे. एलिप्स म्हणजे तुमचं ते लंबवर्तुळच ना?"

"हो. पंधरा वर्षं तेच शिकवतोय," मी म्हणालो. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

पुण्याला पहिल्या दिवशी शिकवायला एक बाई आल्या. वयाने माझ्याहून दहा वर्षांनी लहान, आवाज बारीक, पण फळ्यावरचं अक्षर असं की पुसायला जीव होऊ नये. त्यांनी विचारलं, "यातल्या कुणाची या वक्रांशी ओळख आहे?" माझ्या एकट्याचाच हात वर गेला. त्यांनी मला पुढे बोलावलं. मी ऐटीत खिशातून सुतळी काढली आणि म्हणालो, "मॅडम, दोन खिळे मिळतील का?"

चाळीस प्राध्यापक एकदम हसले. बाई हसल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "लंबवर्तुळाशी याचं नातं आहे, पण फार दूरचं. नावापुरतं." मी जागेवर येऊन बसलो. तीन आठवडे जेवणाच्या रांगेत कुणी ना कुणी मागून 'खिळे मिळतील का?' म्हणायचंच. मीही धुळ्याचा. चिडलो की अभ्यास करतो, ही माझी जुनी खोड. त्या तीन आठवड्यांत मी जितका अभ्यास केला तितका एम.एस्सी.लाही केला नव्हता.

बाहेरच्या वाचकाला हे प्रकरण समजावं म्हणून थोडं सांगतो. घाबरू नका, परीक्षा नाही.

हा वक्र गोल नसतो. कागदाच्या डाव्या बाजूने एक कमान निघते आणि तिचे दोन हात उजवीकडे वर नि खाली पसरत जातात. मधून एक आडवी रेषा काढली, तर वरचा अर्धा भाग खालच्याचं आरशातलं प्रतिबिंब असतो. आता वक्रावर दोन ठिपके घ्या. त्यांच्यातून पट्टीने रेघ ओढा. ती वक्राला तिसऱ्या ठिकाणी कापते. त्या तिसऱ्या ठिपक्याचं आरशातलं प्रतिबिंब घ्या. ही झाली त्या दोन ठिपक्यांची बेरीज. ठिपक्याची स्वतःशीच बेरीजही करता येते, तेव्हा रेघ वक्राला नुसती घासून जाते. म्हणजे एका ठिपक्यापासून सुरुवात करून त्याच मापाच्या उड्या मारत राहता येतं: एक उडी, दोन, तीन, हजार, कोटी. प्रत्येक उडी कुठल्या तरी ठिपक्यावरच उतरते.

गंमत पुढे आहे. तुम्ही किती उड्या मारायच्या ते ठरवलंत, तर उतरायचं ठिकाण चटकन काढता येतं, कारण दुप्पट, दुपटीची दुप्पट असं करत झपाझप जाता येतं. पण मी फक्त सुरुवातीचा आणि शेवटचा ठिपका दाखवला आणि 'किती उड्या मारल्या?' विचारलं, तर भलेभले बसतात. ठिपके पुरेसे असले तर आयुष्यभर बसतात. जायची वाट आहे, पण मागे यायला पायवाटसुद्धा नाही.

याचा उपयोग काय, ते मला एका कापड दुकानदारामुळे पटलं. जळगावातले हे माझे ओळखीचे शेठ. त्यांच्या दुकानात प्रत्येक कापडाच्या चिठ्ठीवर खरेदीची किंमत अक्षरांत लिहिलेली असे. दहा वेगवेगळ्या अक्षरांचा एक शब्द ठरलेला, एकेक अक्षर म्हणजे एकेक आकडा. गिऱ्हाइकाला कळू नये, विकणाऱ्याला कळावं. शेठ एकदा माझ्या जळगावच्या खोलीवर आले आणि म्हणाले, "सर, कुणाला फोडता येणार नाही असा शब्द काढून द्या." मी विचारलं, जुना कसा फुटला? तर म्हणाले, "फुटला नाही. आमचा जुना सेल्समन समोरच्या दुकानात गेला."

जुन्या सगळ्या गुप्तलेखनाचं दुखणं हेच. कुलूप कितीही चांगलं असलं तरी किल्ली आधी समोरच्याच्या हातात नेऊन द्यावी लागते. पुण्यात मी शिकलो ती युक्ती अशी: किल्ली द्यायचीच नाही. सुरुवातीचा ठिपका सगळ्या गावाला माहीत. तुम्ही मनात एक आकडा धरा, मीही धरतो. तुम्ही तुमच्या आकड्याइतक्या उड्या मारून कुठे उतरलात ते ओरडून सांगा. मीही सांगतो. आता मी तुमच्या ठिपक्यावरून माझ्या आकड्याइतक्या उड्या मारतो आणि तुम्ही माझ्या ठिपक्यावरून तुमच्या. आपण दोघं एकाच ठिपक्यावर येऊन उभे राहतो. हा ठिपका आपली किल्ली. गावाने सगळं बोलणं ऐकलं तरी हा ठिपका गावाला कळत नाही.

हे पहिल्यांदा कळलं त्या दिवशी मी पुण्याच्या वसतिगृहात एकटाच टाळी वाजवून बसलो होतो.

परत आलो तर प्राचार्यांनी पुढचं ताट वाढूनच ठेवलेलं. नव्या विद्यापीठात एम.एस्सी.ला एक ऐच्छिक विषय सुरू करायचं घाटत होतं. दोन महिन्यांनी जिल्ह्यातल्या गणिताच्या सगळ्या प्राध्यापकांपुढे मी व्याख्यान द्यायचं, आणि तज्ज्ञ म्हणून त्या पुण्याच्या बाईच येणार. व्याख्यान उतरलं तर हा विषय जळगावात सुरू होणार आणि तो मी शिकवणार. फसलं तर विषयही जाणार, आणि 'खिळे मिळतील का?' मला निवृत्तीपर्यंत पुरणार. माझ्यापुरता तो जिण्या-मरण्याचा प्रश्न होता. आज हसू येतं, तेव्हा येत नव्हतं.

माझं घर धुळ्याला. दर शनिवारी दुपारी मी जळगावहून एस.टी.ने निघायचो आणि वाटेत पुण्याहून आणलेल्या झेरॉक्सचा गठ्ठा उघडायचो. एरंडोलला एक म्हातारे गृहस्थ चढत. डोक्याला रुमाल, खांद्यावर उपरणं, हातात काठी. ते उखा नाना. गुरांच्या बाजारातले दलाल. चाळीस वर्षं बैलांचे सौदे जुळवत आलेले, बोलणं अस्सल अहिराणी. धुळ्याचा बाजार गाठायला आदल्या दिवशी निघत आणि लेकीकडे मुक्काम करत. माझ्या शेजारी बसत, कारण मी खिडकी सोडायचो.

एका शनिवारी माझ्या मांडीवर वक्राचं चित्र होतं. नानांनी मान वाकडी करून पाहिलं.

"हाई काय शे मास्तर? म्हैसना शिंगडा?"

मी पाहिलं. खरंच म्हशीच्या शिंगांसारखं दिसत होतं. तीन आठवड्यांत चाळीस प्राध्यापकांपैकी एकालाही हे सुचलं नव्हतं. मला माणूस आवडला. मी सांगायला लागलो, आणि अगदी पहिल्यापासून सांगितलं: ठिपके, रेघ, उड्या, आणि सगळ्यांदेखत ठरणारी किल्ली. नाना डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं झोपले.

"आमना रुमालमा बी असंच ऱ्हास," ते डोळे न उघडता म्हणाले. "हात दे अठे."

त्यांनी माझा हात धरला आणि वर उपरणं टाकलं. धुळ्यात जन्म जाऊनही माझा हात कधी रुमालाखाली गेला नव्हता. बैलाचा भाव बाजारात तोंडाने बोलत नाहीत. कापडाखाली बोटं धरतात. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन. शेकडा की हजार, तेवढं फक्त तोंडाने. पटलं नाही तर समोरचा दुसरी बोटं धरतो. आणि पटलं, तर सगळा पंजा घट्ट दाबतो. पंजा दाबला की सौदा मंजूर, मग देवही तो मोडू शकत नाही.

"बठ्ठा बाजार आजूबाजूले उभा ऱ्हास," नाना म्हणाले, "पन कोनले काहीच कयत नही."

"नाना, आमचं त्याच्या पुढचं आहे," मी म्हणालो. "आमच्यात हाताला हात लावायचीही गरज नाही."

आता त्यांनी डोळे उघडले. "मी एरंडोलले, तू धुयाले, आन हात न लावता सौदा व्हई?"

"होईल."

"दखाड."

दाखव म्हणाले, तर दाखवायलाच हवं. पुढच्या शनिवारी मी एक तक्ता करून नेला. फक्त अठरा ठिपक्यांचा लहानसा वक्र. कुठल्या ठिपक्यावरून किती उड्या मारल्या की कुठे उतरतो, हे पाढ्यांसारखं आडवं-उभं मांडलेलं. खऱ्या कामात ठिपके इतके असतात की असा तक्ता लिहायला पृथ्वीवरचा कागद पुरायचा नाही, पण एस.टी.त अठरा बस होते. नानांना आकडे आणि थोडं लिहिणं-वाचणं येई. ठिपक्यांना नावं मात्र त्यांनीच दिली: सर्जा, राजा, ढवळ्या, पवळ्या, मोऱ्या, पाखऱ्या, हरण्या, अशी अठरा बैलांची. सुरुवातीचा ठिपका सर्जा, हे सगळ्या गाडीला सांगितलं.

नानांनी मनात आकडा धरला, तक्त्यावर बोट फिरवलं आणि ओरडले, "हरण्या!" मी माझा काढून ओरडलो, "पवळ्या!" मग दोघांनी आपापल्या तळहातावर पेनने शेवटचा ठिपका लिहिला आणि हात एकदम उघडले. दोन्हीकडे मोऱ्या. कंडक्टर तिकिटं फाडायची सोडून बघत उभा होता. बायामाणसं हसली. नाना मात्र हसले नाहीत. त्यांनी तक्त्याची घडी घातली आणि म्हणाले, "हाऊ कागद आठ रोज मनाजवळ ऱ्हाऊ दे."

मला वाटलं, म्हातारा हरला. खरं सांगायचं तर मला फार बरं वाटलं.

त्यापुढच्या शनिवारी गाडीला ही गर्दी. मी पुढे ड्रायव्हरमागच्या बाकावर, कंडक्टर मागच्या दारात, आणि नाना मधल्या वाटेत दांडा धरून उभे. त्यांनीच ठरवलं: आज सौदा माझ्यात आणि कंडक्टरमध्ये. कंडक्टरला तक्ता कसा बघायचा ते त्यांनी एरंडोलच्या स्टँडवरच शिकवून ठेवलं होतं, आणि तक्त्याची एकेक नक्कल आम्हा दोघांसाठी करून ठेवली होती. गाडीच्या आवाजात एका टोकाचं दुसऱ्या टोकाला ऐकू जाणं शक्य नव्हतं. तेव्हा मधे उभे असलेले नाना निरोप पोचवणार.

मी ठिपका काढला आणि नानांना म्हणालो, "ढवळ्या." त्यांनी मागे वळून काहीतरी सांगितलं. कंडक्टरचा निरोप घेऊन माझ्याकडे वळले, "पाखऱ्या." मी पाखऱ्यावरून माझ्या उड्या मारल्या आणि तळहातावर लिहिलं. धुळ्याचा स्टँड आल्यावर आम्ही तिघं खाली उतरलो. मी हात उघडला: राजा. कंडक्टरने उघडला: लाल्या.

"तुम्ही तक्ता चुकलात," मी कंडक्टरला म्हणालो.

"नाही सर, दोनदा बघितलं मी."

तेव्हा नानांनी त्यांचा पंजा उघडला. पंजावर दोन नावं होती. राजा आणि लाल्या.

मला काही क्षण कळलंच नाही. मग कळलं. नानांनी माझा ढवळ्या पुढे पोचवलाच नव्हता. त्यांनी स्वतःचा एक आकडा मनात धरला, त्याचा ठिपका पाखऱ्या, आणि तोच दोघांनाही 'समोरच्याचा' म्हणून दिला. माझा सौदा त्यांच्याशी झाला. कंडक्टरचा सौदाही त्यांच्याशीच झाला. आम्ही दोघं समजत होतो की आमची किल्ली एक आहे, आणि दोन्ही किल्ल्या मधल्याच्या खिशात.

"चाळीस वरीस मी मधलाच व्हतू, मास्तर," नाना म्हणाले. "मधला काय करू शकस, हाई माले इचार." मग माझा हात धरून हळूच म्हणाले, "रुमालखाले डोयाले दिसत नही, पन हातले हात वळखू येस. तुना कागदवर हात कोना शे, हाई कसं कयी?"

व्याख्यान तीन आठवड्यांवर होतं.

पुण्याच्या वर्गाचे शेवटचे दोन दिवस मी बुडवले होते. मेहुण्याच्या मुलीची हळद होती, आणि मुख्य भाग झाला असं मीच ठरवलं होतं. घरी गेल्यावर मी झेरॉक्सचा गठ्ठा उलटा धरला. शेवटच्या वीस पानांना माझं बोटही लागलं नव्हतं. त्यांत नेमका नानांचा प्रश्न होता. मधला माणूस, आणि त्याच्यावरचा उपाय: सही. आपला गुप्त आकडा न सांगता, तो आपल्याजवळ आहे हे दाखवता येतं. निरोपाला तो आकडा असा गुंफायचा की ज्याच्याकडे माझा जाहीर ठिपका आहे, त्याला निरोप माझाच आहे हे तपासता यावं, पण माझ्यासारखी सही दुसऱ्या कुणाला करता येऊ नये. मी ती वीस पानं तीन आठवडे घोटली. बायको म्हणाली, "हळदीला गेलो नसतो तर बरं झालं असतं ना?" मी पुढचं पान उलटलं.

व्याख्यानाच्या आदल्या शनिवारी नाना म्हणाले, "माले बी लई चाल. देखू तं दे, बठ्ठा मास्तर लोके म्हैसना शिंगडाले काय म्हनतस."

"इंग्रजीत असतं नाना तिथे," मी म्हणालो. "तुम्ही येऊन कंटाळाल."

"व्हई," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

व्याख्यान इंग्रजीत नव्हतं. मराठीतच होतं, हे मला तेव्हाही माहीत होतं.

ते व्याख्यान उतरलं. आत्मस्तुती वाटेल, पण एकतीस वर्षांत मी इतका चांगला कधी बोललो नाही. मी फळ्यावर म्हशीची शिंगं काढली. अठरा बैल काढले. दोन प्राध्यापकांना उपरण्याखाली हात धरायला लावले, तसे आमचे जिल्ह्याचे गंभीर लोक पोरांसारखे खिदळले. मग तिसऱ्या रांगेतून बाईंचा बारीक आवाज आला.

"सर, पण मधे कुणी बसलं तर? दोघांनाही फसवून?"

त्यांनी मला चाचपायलाच विचारलं होतं, कारण मी कुठले दोन दिवस बुडवले ते त्यांना ठाऊक होतं. मी खडू खाली ठेवला, हात झटकले आणि म्हणालो, "मॅडम, आमच्याकडे त्याला दलाल म्हणतात." मग एस.टी.तला सगळा प्रयोग करून दाखवला, एक माणूस मधे उभा करून. दोन्ही टोकांची तोंडं उघडीच राहिली. शेवटी म्हणालो, "रुमालाखाली डोळ्यांना दिसत नाही, पण हाताला हात ओळखू येतो. कागदावर हात कुणाचा, हे सांगते ती सही." आणि सहीचं गणित मांडलं. टाळ्या मीच हात वर करून थांबवल्या.

चहाच्या वेळी बाई आल्या. म्हणाल्या, "मी चार वर्षं हे शिकवते. इतकं चांगलं उदाहरण मला सुचलं नाही. वाचलेलं आहे की तुमचं स्वतःचं?"

उत्तर द्यायला मला फार वेळ लागला नाही. लागायला हवा होता.

"असंच सुचलं," मी म्हणालो. "एस.टी.त."

विषय मंजूर झाला. मी तो निवृत्तीपर्यंत शिकवला. माझे विद्यार्थी आज कुठे कुठे त्याच्यावर पोट भरतात, आणि तुमच्या खिशातला फोन गुपचूप बोलतो तो बहुतेक वेळा याच शिंगांच्या जोरावर. व्याख्यानाची छापील पुस्तिका निघाली. 'दलालाचे उदाहरण' त्या पुस्तिकेवरून बऱ्याच ठिकाणी शिकवलं गेलं. खाली नाव माझं.

व्याख्यानानंतरच्या शनिवारी नाना चढले, बसले, आणि पहिलं वाक्य तेच.

"कोनी इचारं का, हात कोना शे?"

"विचारलं, नाना. पुण्याच्या बाईंनीच."

"मंग तू काय सांगं?"

मी सही समजावून सांगितली. नानांनी पूर्ण ऐकली. खुश झाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, "पन तो जाहीर ठिपका तुनाच शे, हाई पहिल्यांदा कोन सांगी? एकदा तरी कोनी हात धराले जोयजे, मास्तर." हेही बरोबर होतं. आजही या शास्त्राचं सगळं घोडं तिथेच अडतं. पण बाईंना मी काय उत्तर दिलं ते नानांना त्या दिवशी सांगितलं नाही. पुढच्या शनिवारी सांगू म्हटलं. असे पुष्कळ शनिवार गेले. मग बदललेल्या वेळापत्रकाने माझी गाडी बदलली.

चार-पाच वर्षांनी कंडक्टर भेटला तेव्हा कळलं, नानांना लकवा झालाय. उजवी बाजू गेली. मी पुस्तिका घेऊन एरंडोलला उतरलो. नाना ओट्यावर बाजेवर पडलेले, अंगावर गोधडी. मला ओळखलं. बोलणं जड झालं होतं, पण डोकं पूर्वीसारखंच. मी पुस्तिका उघडून त्यांच्या पुढे धरली. शिंगांचं चित्र पाहून ते हसले. मग पान उलटलं. खाली छापलेल्या नावावर त्यांनी डाव्या हाताचं बोट ठेवलं.

"हाई तुनं नाव?"

"हो नाना. माझंच. तुमचं घालायला हवं होतं. त्यांनी मला विचारलं होतं, उदाहरण कुणाचं. मी सांगितलं नाही." इतक्या वर्षांचं ते एका दमात बाहेर आलं.

नानांनी बोट तसंच ठेवलं. मग म्हणाले, "पावतीवर घेनारनं नाव ऱ्हास. इकनारनं ऱ्हास. दलालनं नाव कठे ऱ्हास, मास्तर?"

ते चिडून म्हणाले असते तर मला सोपं गेलं असतं. ते नुसता बाजाराचा नियम सांगत होते. मग त्यांनी डाव्या हाताने माझा हात ओढून गोधडीखाली घेतला. मी बोटं सैल सोडली आणि वाट पाहिली, एक धरतात की दोन. त्यांनी सगळा पंजा धरला आणि होता तेवढा जोर लावून दाबला.

त्या पावसाळ्यात नाना गेले.

त्यांनी सौदा मंजूर केला, तो मोठ्या मनाने. पण भाव फक्त माझ्याच बाजूने ठरला होता, हे मला कळतं. ज्या माणसाने मला सही म्हणजे काय ते शिकवलं, त्याच्याच मालावर मी माझी सही ठोकली. हे गणित मी एकतीस वर्षांत कुणाला फळ्यावर मांडून दाखवलं नाही, म्हणून आज इथे मांडलं. नाव छापायची रीत आहे तेव्हा या लेखाखाली सही माझीच येईल. वाचणाऱ्याने एवढं ध्यानात ठेवावं, की हात उखा नानाना शे.